मेलमागचं पाकीट

चाचा, तुम्ही गेल्याचं मला मेलवरून कळलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात येऊन मशीन चालू केलं, तर सगळ्यांना एकदम पाठवलेला एक मेल वरच होता. विषय, दुःखद बातमी. खाली तुमचं नाव, आपल्या कंपनीचे निवृत्त आवक-जावक कारकून गफूरचाचा, पहाटे इंतकाल, जुम्म्याच्या नमाजनंतर दफन. चार ओळी. आणि मी काय केलं सांगू? रडले नाही, कुणाला फोन केला नाही. मी त्या मेलचं पाकीट उघडलं. खालून वर एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले, तुम्ही वाचायचात तशी. कुठून निघाला, किती वाजता निघाला, कुणाच्या हातून आला. एखादा ठप्पा परका निघावा, कुणीतरी वात्रटपणा केलेला असावा, असं मनातून फार वाटत होतं. पण पाकीट बराबर होतं. मेल आपल्याच ऑफिसातून निघालेला, आपल्याच सर्व्हरवरून आलेला. मग मी मशीन तसंच ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकून बसले.

दमलेय चाचा. हे तुम्हालाच सांगता येतं, कारण तुम्ही ‘दमलीस का’ म्हणून विचारायचात ते उत्तर ऐकून घ्यायला विचारायचात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची नावं तपासतेय. बँकेच्या नावानं मेल येतो, तो बँकेचा नसतो. शेठच्या नावानं येतो, तेव्हा शेठ गाडीत झोपलेले असतात. मागच्या महिन्यात तर माझ्याच नावानं मलाच एक मेल आला आणि हा मी कधी पाठवला, असा विचार करत मी दोन मिनिटं बसले. पूर्वी असलं काही झालं की मी उठून तुमच्या टेबलाशी यायचे. आता तिथं पिण्याच्या पाण्याचं मशीन ठेवलंय.

मी आले तेव्हा तुम्हाला मी अजिबात आवडले नव्हते, हे आता कबूल करून टाका. राजूरची मुलगी, बीएस्सी झालेली, जालन्यात सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि पहिल्याच दिवशी तिला पंख्याखालचं टेबल मिळालेलं. तुम्ही कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासूनचे. बियाण्यांच्या पिशव्या शिवायचं मशीन एकीकडे आणि तुमचं रजिस्टर दुसरीकडे, अशी कंपनी तुम्ही पाहिलेली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी तुमच्या हातात यायचा. तुम्ही त्याला नंबर द्यायचात, तारीख घालायचात, शिक्का मारायचात, आणि मगच तो साहेबांकडे जायचा. तुमचं अक्षर असं की नुसती नोंद वाचली तरी पत्र खरं वाटावं. त्या अक्षराची तुम्हाला घमेंड होती, आणि ती तुम्ही लपवायचाही नाहीत.

आणि तुमचा तो नियम. पत्राबरोबर त्याचं पाकीट मागं टाचणीनं लावलेलं पाहिजे. कुणी पाकीट फाडून टोपलीत टाकलं की तुम्ही टोपली उलटी करायचात, सगळ्यांच्या देखत. आपले मॅनेजर तांबेसाहेब, त्यांनाही तुम्ही सोडलं नव्हतं. त्यामागची हकिकत तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात ऐकवली, त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. विदर्भातल्या एका विक्रेत्याचं पत्र आलं होतं, तुमचं बियाणं उगवलंच नाही म्हणून. लेटरहेड बरोबर, सही बरोबर, शेठ घाबरून गेलेले. तुम्ही पाकीट उलटसुलट करून पोस्टाचा ठप्पा पाहिला. ठप्पा जालन्याचा. विदर्भातला माणूस आपल्या स्टेशन रोडच्या डब्यात पत्र कशाला टाकील? फोन लावल्यावर कळलं, त्या विक्रेत्यानं काही लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाचा उद्योग होता तो.

मेल सुरू झाले तेव्हा त्यांचीही आवक तुमच्याच रजिस्टरात होणार असं ठरलं. मी छापायचं आणि तुम्ही नंबर घालायचा. मी पहिला मेल छापून तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही तो वाचला, मग पालथा केला. मागं कोरं. पुन्हा सुलटा केला.

"बेटा, याचं पाकीट कुठंय?"

मी हसले, चाचा. नुसती हसले नाही, दुपारी डबा खाताना सगळ्यांना सांगितलं. आठ दिवस ऑफिसात तेच चाललं होतं. चहा आला की कोणीतरी विचारायचं, याचं पाकीट कुठंय. तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. तुम्ही सुपारी कातरत बसायचात आणि माझ्या प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचात, ‘पाकीट नाही’. मला वाटायचं, काय हट्टी म्हातारा आहे.

पुढं दोनेक महिन्यांनी आपला एक मेल कुठंतरी अडकला आणि परत आला. तो का परत आला हे शोधताना मी मेलची ती बाजू पहिल्यांदा उघडली जी एरवी कुणाला दिसत नाही. ओळीच ओळी. हा मेल कोणत्या मशीनवरून निघाला, कोणत्या सर्व्हरनं तो घेतला, पुढं कुणाकडे दिला, प्रत्येक ठिकाणची वेळ, तारीख. मी बघतच राहिले. मला कोर्सात हे कुणी शिकवलं नव्हतं. वरचं पाठवणाऱ्याचं नाव हे नुसतं लिहिलेलं असतं, कुणीही कुणाचंही लिहू शकतो. पण खालच्या ह्या ओळी वाटेतले सर्व्हर घालतात. म्हणजे ठप्पेच की. मी ते पान छापलं आणि तुमच्या टेबलावर आणून ठेवलं.

तुम्ही चष्मा लावला. काय लिहिलंय ते मी समजावून सांगू लागले, तर तुम्ही हातानं थांबवलंत. वरून सुरुवात केलीत, दोन-तीन ओळींतल्या वेळा पाहिल्यात, आणि बोट सरळ तळाला नेलंत. जुनी वेळ खाली आहे, म्हणजे हे खालून वर वाचायचं, हे तुम्ही माझ्याआधी ओळखलंत. मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "म्हंजे पाकीट होतं. तूच फेकून देऊन राह्यलीस रोज."

त्या दिवसापासून आपली गट्टी जमली. मी प्रत्येक मेल दोन पानांत छापायचे, पुढं मेल, मागं पाकीट. तुम्ही टाचणी मारायचात. संकष्टीला मी अर्धी रजा टाकून राजूरला गणपतीला जायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, जा, पण पेढ्याचं पाकीट बराबर घेऊन ये, मी ठप्पा बघणार. आणि आपला वादही तेव्हाच सुरू झाला, जो कधी संपला नाही. मी म्हणायचे, संशय आला तर पाकीट काढू, रोजच्या मेलला कशाला. तुम्ही म्हणायचात, संशय आल्यावर शोधायला गेलं की पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं. मी म्हणायचे, आपल्याच माणसांच्या मेलवर काय अविश्वास दाखवायचा. तुम्ही म्हणायचात, हा अविश्वास न्हाई, ही त्यांची हिफाजत हाय, उद्या त्यांच्या नावानं कुणी काही लिहिलं तर? मला हे तेव्हा ताणलेलं वाटायचं. मी मान हलवून जागेवर जायचे.

आता रामेश्वरचं. हे लिहिण्यासाठीच बसलेय खरं तर, आणि कधीपासून भोवती भोवती फिरतेय.

नवा सर्व्हर आला होता. मीच मागणी लावून धरली होती, मीच बसवून घेतला होता, आणि त्याचं मला भलतं कौतुक होतं. त्याच सुमाराला तांबेसाहेबांनी मला विचारलं की मेलमागं ही इंग्रजी आकड्यांची पानं लावता ती कशाला. कागद फार जातो. मी म्हणू शकले असते की चाचांना विचारा. मी म्हणाले, गरज नाही साहेब, नवा सर्व्हर सगळं तपासतो. तो सगळं तपासत नव्हता. मला रोज दुप्पट छापायचा कंटाळा आला होता, एवढंच. आणि तुमच्याकडे येऊन मी ऐटीत सांगितलं, चाचा, आता पाकीट नको, साहेबांनीही सांगितलंय. तुम्ही टाचण्यांची डबी बंद केलीत. बराबर हाय, तू म्हणतीस तर, इतकंच म्हणालात. वाद घातला नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मेलबॉक्स भरतो म्हणून छापून झाला की मेल पुसायचा, ही पण माझीच पद्धत.

रामेश्वर आपला प्लॉट सुपरवायझर. पिंपळगाव रेणुकाईकडच्या गावांत शेतकऱ्यांकडे आपले कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे, ते सगळे त्याच्याकडे. माणूस चोख, जीभ तिखट. कोणाचा प्लॉट दुसऱ्या कपाशीला खेटून आहे, म्हणजे बी भेसळीचं होणार, असं दिसलं की तो नापास करायचा, मग तो कुणाचा पाहुणा असो. त्यानं नेमका असाच एक प्लॉट नापास केला होता आणि त्यावरून तांबेसाहेबांशी त्याची ऑफिसातच जुंपली होती. आठवडाही झाला नव्हता. आणि त्याचा मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव, कंपनीनं दिलेला त्याचा पत्ता, आत दोनच ओळी. मी घरगुती कारणाने राजीनामा देत आहे, मंजूर करावा.

मी छापला, तुमच्याकडे दिला. तुम्ही शिक्का हातात घेतलात आणि थांबलात.

"आज बुधवार हाय. रामेश्वर तर शनिवारी पाठवतो."

खरं होतं. तो शनिवारी भोकरदनला बाजाराच्या कामाला यायचा, तिथल्या कॅफेत बसून आठवड्याचा अहवाल पाठवायचा. एरवी त्याच्या गावात कॉम्प्युटर तर सोडाच, मोबाइलला रेंज नव्हती. पण माझ्यासमोर तेव्हा चार कामं होती. मी मान वर न करता म्हणाले, "चाचा, राजीनाम्याला वार असतो का?"

तुम्ही शिक्का मारलात. नंबर घातलात, तुमच्या त्या सुंदर अक्षरात. साहेबांनी दुपारपर्यंत मंजूर म्हणून लिहिलं.

रविवार गेल्यावर रामेश्वर जीपमध्ये दाटीनं बसून आला, हातात प्लॉटांची वही, आणि वॉचमननं त्याला गेटवरच सांगितलं की तुम्ही राजीनामा दिलाय ना. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. ओरडला नाही. "मी कुठं दिला? मी तर बुधवारी प्लॉटवर होतो, बायांचं फुलांचं क्रॉसिंग चालू होतं," असं आधी साहेबांना, मग मला, मग तुम्हाला, प्रत्येकाला एकदा सांगत सुटला. साहेबांनी आवकचं रजिस्टर मागवलं. त्यात नोंद होती. आणि चाचा, तिथंच सगळं संपलं. दुसऱ्या कुणाच्या रजिस्टरात असती तर कोणी शंका घेतली असती. पण इतक्या वर्षांत तुमच्या रजिस्टरात एक खोटा कागद शिरला नव्हता. गफूरचाचांनी नंबर घातलाय म्हणजे कागद खरा, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ. मग उरलं काय? रागात राजीनामा दिला आणि आता पलटतोय. दोघं-तिघं तर तसं बोलूनही दाखवत होते. तुमच्या खरेपणानंच त्याला खोटं पाडलं.

तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "पाकीट काढ." मी म्हणाले, पुसलाय. पुसलेल्या मेलची टोपली बघ म्हणालात. ती पण मीच रिकामी केली होती. तुम्ही माझ्याकडे कसं पाहिलंत ते आठवायचं मी बरीच वर्षं टाळलंय. राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते थकलेले दिसत होतात, आज मी दिसते तसे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकून एसटीनं पिंपळगाव रेणुकाईला गेलात, तिथून पुढं प्लॉटवर पायी. त्या वयात. बुधवारी तो ज्यांच्या प्लॉटवर होता त्या बाईंना विचारून आलात. रामेश्वर बुधवारी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या रानात उभा होता, असं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, त्यानं कुणाकडून तरी पाठवून घेतला असेल. याला उत्तर एकच होतं, आणि ते मी पुसून टाकलं होतं. त्या ओळी असत्या तर तळाचा ठप्पा कुठला ते दिसलं असतं.

मग तुम्ही ते केलंत. साहेबांच्या केबिनमध्ये, मी बाजूला कागद घेऊन उभी असताना, तुम्ही रजिस्टर उघडलंत आणि लाल पेनानं स्वतःच्या नोंदीवर आडवी रेघ मारलीत. बाजूला लिहिलंत आणि खाली उर्दूत सही केलीत. मग साहेबांना म्हणालात, आता या कागदाला आवक क्रमांक न्हाई, आणि क्रमांक न्हाई तो कागद आपल्या ऑफिसात आलाच न्हाई. साहेब बघतच राहिले. ज्या रजिस्टरावर सगळ्यांचा विश्वास, त्याच रजिस्टरानं आता कागद नाकारला होता. रामेश्वर त्याच दिवशी कामावर परत गेला.

पण साहेबांनी तुम्हाला विचारलं, इतक्या वर्षांत असं झालं नाही, याच वेळी शहानिशा न करता कागद कसा घेतलात? मी तिथंच होते. दोन पावलांवर. साहेबांच्या टेबलावर काचेखाली एक कागद होता, मला नोकरीत कायम करण्याच्या ऑर्डरचा, त्यावर नुसती सही राहिली होती, आणि तो मला जिथं उभी होते तिथून वाचता येत होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. तुम्ही पाहिलंच नाहीत. मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणालात, गफलत झाली साहेब.

बाहेर आल्यावर मी तुमच्या मागं मागं आले. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "तुझी ऑर्डर होऊ दे आधी. मंग बघू."

ऑर्डर झाली. ‘मंग’ कधी आलंच नाही. तुमचं टेबल गेलं. शेवटचं एक वर्ष तुम्ही गोदामाच्या गेटवर पावत्या तपासत बसलात, उन्हात, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पंख्याखालची जागा मागितली नव्हती त्याला आता पत्र्याखालचीही धड नव्हती. मी रोज तिथून जायचे. तुम्ही ‘दमलीस का’ विचारायचात. मी ‘हो’ म्हणायचे आणि आत जायचे. निवृत्तीच्या दिवशी हार झाला, नारळ झाला, साहेब दोन वाक्यं बोलले. रजिस्टरचं नाव कुणी काढलं नाही. मी पण टाळ्या वाजवल्या.

आणखी एक भांडण राहिलंय आपलं. तो मेल कुणी पाठवला हे तुम्हाला माहीत होतं, चाचा. निदान अंदाज होता. मलाही होता. नापास प्लॉटवाल्याचा कोण पाहुणा आपल्या ऑफिसात बसत होता हे काय गुपित होतं? मी तुम्हाला गेटवर येऊन दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, ठप्पा न बघता नाव घ्यायचं न्हाई. मी चिडून म्हणाले होते की तुमच्या या सज्जनपणाचा मला वैताग येतो. तुम्ही हसलात. त्या माणसानं पुढं नोकरी सोडली, तुम्ही त्याच्या मुलीच्या लग्नालाही जाऊन आलात. मला अजून वाटतं तुम्ही चुकलात. आणि अजून मला नाव घेता येत नाही, कारण पाकीट मी फेकलंय.

शुक्रवारी दुपारी घरी आले होते मी. पुरुष मंडळी कबरस्तानात गेली होती. चाची आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या, मला पाहून त्यांनी शेजारी जागा केली. भिंतीला खिळ्यावर तुमचे घरचे कागद लटकत होते. लाइटचं बिल, मागं त्याचं पाकीट. लग्नाच्या पत्रिका, मागं पाकीट. मला तिथं रडू आलं, पहिल्यांदा. चाची माझी पाठ थोपटत राहिल्या, म्हणजे बघा, कुणी कुणाची पाठ थोपटायची. मग त्या सहज बोलून गेल्या, "आख़िर में नज़र कमज़ोर हो गई थी ना उनकी, इसलिए गेट पे डाले थे कंपनीवाले."

तुम्ही घरी असं सांगितलं होतं. नजर कमजोर झाली म्हणून. बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं तुम्ही. तुमची नजर शेवटपर्यंत किती तिखट होती हे मला माहीत नाही का? चाचींच्या हातचं पाणी प्यायले आणि बाहेर आले.

बाहेर रामेश्वर उभा होता, तुम्हाला मिट्टी देऊन आलेला. टोपीऐवजी डोक्याला रुमाल, नखांत माती. आता तो पूर्ण घनसावंगी भागाचा प्रमुख आहे. तो म्हणाला, ताई, चाचांनी एक चूक केल्ती, पण लाल पेनानं कबूल केली, असा माणूस दुसरा न्हाई. सहा-सात वर्षं तो माणूस तुमच्या चुकीला माफ करत आला आहे, चाचा. तुम्ही न केलेल्या.

काल शनिवारी मी रेकॉर्ड रूममधून ते रजिस्टर काढलं. धूळ झटकली. लाल रेघ जरा फिकी झालीय, अक्षर तसंच. ‘पाकीट न पाहता नोंद घेतली. नोंद रद्द. चूक माझी.’ मी ते तिथंच उभ्यानं वाचलं, जागेवर आले आणि तुमच्या इंतकालाच्या त्या मेलला उत्तर लिहिलं, ज्यांना ज्यांना तो गेला होता त्या सगळ्यांना. लांबण लावली नाही. रामेश्वरच्या नावानं आलेल्या मेलचं पाकीट जोडू नका असं गफूरचाचांना मी सांगितलं होतं. त्यांनी शंका घेतली तेव्हा मी ती उडवून लावली. मेल मी पुसला. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि मी तेव्हा गप्प राहिले. खाली माझं नाव. पाठवायचं बटण दाबायला मला मेल लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दहा-पंधरा मिनिटांत तांबेसाहेबांचा घरून फोन आला. आवाजात काळजीच होती, खोटं कशाला सांगू. म्हणाले, तुझ्या नावानं सगळ्यांना काहीतरी भलतंच आलंय. हल्ली काय कुणीही कुणाच्या नावानं पाठवतं, तूच तर आम्हाला सांगतेस. तू एक ओळ टाक, की हा मेल माझा नाही, म्हणजे विषय मिटला. रामेश्वरपर्यंत कशाला जायला पाहिजे.

चाचा, खोटं नाही बोलत, एक क्षण थांबले मी. साहेबांनी दार उघडून धरलं होतं. एकच ओळ लिहायची होती, आणि असली ओळ माझ्याइतकी पटण्यासारखी या जिल्ह्यात दुसरं कोण लिहील? माझा शब्द ऑफिसात आता तुमच्या नंबरासारखा झालाय. मी म्हटलं की मेल खोटा, तर तो खोटा.

मी म्हणाले, साहेब, मेलचं पाकीट उघडा. त्यांना कळेना, मेलचं पाकीट उघडायचं कुठून. मग मी त्यांना फोनवर एकेक पायरी सांगत गेले, कुठं दाबायचं, कोणती खिडकी उघडेल. आता सगळ्यात खाली जा. वरून नाही, खालून वर वाचायचं. पहिला ठप्पा कुठला आहे?

ते अडखळत वाचत होते. आपल्या सर्व्हरचं नाव. आपल्या ऑफिसचा पत्ता. माझ्या मशीनचं नाव. शनिवारची तारीख, अकरा वाजून काही मिनिटं.

"म्हणजे हा तूच पाठवलास?"

"हो साहेब. मीच."

उद्या सोमवारी मी तो मेल छापणार आहे. पुढं मेल, मागं पाकीट, आणि टाचणी. त्या रजिस्टरात तुमच्या लाल सहीखाली एक ओळ कोरी राहिलीय, तिथं त्याची नोंद घेते. माझं अक्षर तुमच्यासारखं नाही, तेवढं समजून घ्या.